कोण लागते ती तुमची?

आमच्या घरात इंग्रजी माझ्याकडे आहे. म्हणजे गॅसची टाकी बदलणं जसं बायकोकडे आहे आणि मोबाइलचं सगळं मुलीकडे, तसं इंग्रजी माझ्याकडे. ही वाटणी कधी झाली ते आठवत नाही. एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघतो, एवढ्या भांडवलावर नातेवाइकांनी मला इंग्रजीतला जाणकार ठरवून टाकलं. माझी पत्रं 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट'नं सुरू होतात आणि 'काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज'नं संपतात. मधल्या मजकुराकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून नोकरी टिकली आहे.

तर या इंग्रजीच्या जिवावर मी एका पोरीची नोकरी घालवायला निघालो होतो, त्याची ही हकिगत.

आम्ही कसबा बावड्याला राहतो. पूर्वी ऊस होता तिथं आता प्लॉट पडलेत, त्यातल्या एका प्लॉटवर. समोरच्या घराच्या वरच्या खोलीत एक नर्स भाड्यानं राहते. चंदगडकडची पोरगी. इथल्याच एका दवाखान्यात ड्यूटी करते. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात, माझी आई तेवढी 'पोरी' म्हणते आणि ती आईला 'अव्वा' म्हणते. मागच्या वर्षी आई वाळत घातलेलं धुणं काढताना घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आई घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही पोरगी न बोलावता दारात उभी राहिली. "ड्यूटीला जायच्या आधी अव्वांचं आवरून जातो मी," म्हणाली आणि सरळ आत गेली. त्यानंतर आई वॉकर धरून चालायला लागेपर्यंत ती सकाळ-संध्याकाळ येत राहिली. अजूनही येते. आता येऊन बसते, एवढाच फरक.

आम्ही तिचे आभार कधी मानले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. तोंडावर आभार मानले तर माणूस म्हणतो, "का? परका केलास व्हय मला?" आणि आठवडाभर येत नाही. त्यापेक्षा खरवस झाला की वाटी वर पाठवायची, तिची पाण्याची मोटर बिघडली की आपण वायरमनला हाक मारायची, असं चाललेलं असतं. आभार शब्दांत सांगायचा प्रसंगच येत नाही.

तो प्रसंग आला. गळीत हंगामाचे दिवस होते, हवेत मळीचा वास भरलेला. ती संध्याकाळी आली आणि आईजवळ न जाता माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, एक काम होतं. इंग्लिशचं हाय."

"बस की. बोल."

विलायतेतल्या एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात तिचं काम जवळजवळ ठरलं होतं. कागद गेले होते, मुलाखत झाली होती. आता तिथल्या बाईंना एका अशा कुटुंबाशी बोलायचं होतं, जिथं हिनं घरात राहून म्हाताऱ्या माणसाचं केलंय. व्हिडिओवर बोलायचं होतं. ते नीट झालं की काम पक्कं.

"मागच्या खेपेला एक ओळखीचे बोलले होते," ती म्हणाली. "त्यांनी नुसतं 'गुड गर्ल, व्हेरी गुड गर्ल' म्हणून फोन ठेवला. ते काम गेलं. आता इंग्लिशच्या परीक्षेची मुदत संपत आलीय माझी. ह्ये बी गेलं तर परत पहिल्यापासनं, काका. परत क्लास, परत परीक्षा."

"तू कशाला काळजी करतीस?" मी म्हणालो. आयुष्यात जी वाक्यं मी फार सहज बोललो, त्यांतलं हे एक.

आतून आई ओरडली, "सांगंल की तो. एवढं शिकवलंय कशाला त्याला?"

त्या रात्री जेवताना मी मनातल्या मनात तयारी सुरू केली आणि घास हातात तसाच राहिला. तिनं आईची वेणी घालून दिली, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

आपल्याकडे सगळं 'करून देतात' हो. रिक्षावाला पत्ता शोधून देतो. भाजीवाली कोथिंबीर निवडून देते. शेजारी आपलं दळण आणून देतो. या 'देतो'मध्ये सगळं येतं. काम त्याचं नव्हतं, तरी त्यानं केलं आणि केलेलं आपल्या हातात ठेवलं. मी हे इंग्रजीत उचलायला गेलो तर काहीतरी भलतंच हातात येत होतं. शेवटी मुलीला विचारलं. ती कॉलेजला आहे, दिवसभर इंग्रजी मालिका बघते आणि माझ्या इंग्रजीला 'सरकारी' म्हणते.

"शी गेव्ह माय मदर बाय कोंबिंग हेअर," मी म्हणालो.

"केस देऊन टाकले काय आज्जीचे तिनं?"

"मग कसं म्हणायचं?"

"शी कोंब्ड हर हेअर. संपलं."

"ह्यात दिलं कुठाय? म्हणजे हिनं विंचरले आणि निघून गेली. कुणासाठी, कशासाठी, काहीच नाही."

"फॉर लावा पाहिजे तर. फॉर हर."

"आणि आंघोळ?"

"शी गेव्ह हर अ बाथ."

"इथं गेव्ह चालतंय!"

"चालतं."

"मग वेणीला का नाही?"

"बाबा, नाही चालत. मी नाही केली ती भाषा."

म्हणजे इंग्रजाला आंघोळ देता येते, वेणी देता येत नाही. मी ते मनात टिपून ठेवलं. पुढं जेवणाचं आलं. 'शी मेड माय मदर ईट,' असं मी मोठ्या विश्वासानं म्हणालो, तर मुलगी म्हणाली, त्यात जबरदस्ती केल्यासारखं वाटतं.

"जबरदस्तीच व्हती," आईनं खाटेवरून सांगितलं. "दुधी खायला लावलाय तिनं मला. दुधी!"

मुलगी म्हणाली, "साधं सांगा ना. शी डिड अस अ बिग फेवर."

हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या ऑफिसात फेवर म्हणजे कुणाची तरी बदली थांबवणं. मी म्हणालो, उपकार म्हणजे ऑब्लिगेशन, मी तेच वापरणार. मुलगी म्हणाली, ऑब्लिगेशन म्हणजे बंधन, सक्ती; बाईंना वाटेल आम्ही कर्जात आहोत. मग ती म्हणाली, नुसतं 'शी हेल्प्ड अस' म्हणा. पण हेल्प? शिडी धरायला जो उभा राहतो त्याला आपण मदत म्हणतो. हिनं केलं त्याला मदत म्हणायचं म्हणजे घराला खोली म्हणण्यासारखं.

"अहो, तिनं केलं काय ते सांगा ना एकेक," बायको भांडी आवरता आवरता म्हणाली. "शब्द काय शोधत बसलाय?"

पण एकेक काय केलं ते मला नीट माहीत नव्हतं. ती आली की मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचो. दार लोटलेलं असायचं.

कॉल शुक्रवारी दुपारी होता. तिकडे तेव्हा सकाळ. नियम असा की ती पोरगी समोर असता कामा नये, म्हणून ती ड्यूटीलाच गेली. आईचा आवाज आमच्या घरात भोंग्यासारखा फिरतो, त्यामुळं तिला मागं परसात उन्हाला बसवलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बूट. टेबलाखालचे बूट बाईंना दिसणार नव्हते, पण बुटाशिवाय मला इंग्रजी येत नाही. मुलगी लॅपटॉपच्या पलीकडे, बाईंना दिसणार नाही अशी बसली. मी चुकलो की तिनं हात वर करायचा, असं ठरलं.

बाई चांगल्या होत्या. पांढरे आखूड केस, हातात चहाचा मोठा मग. हळू बोलत होत्या. "टेल मी व्हॉट शी डिड फॉर युवर मदर," म्हणाल्या.

मी सुरुवात छान केली. आंघोळ दिली. केस विंचरले, फॉर माय मदर. रोज हाताला धरून चालवलं. मुलीचा हात खालीच होता. नेमकी त्याच वेळी रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं, तर बाईंनी विचारलं हा कसला आवाज, आणि मी म्हणालो, "शुगरकेन, मॅडम." त्या हसल्या. मला वाटलं, जमलं. आणि माणसाला जमलं असं वाटलं की तो ठरलेलं सोडून बोलायला लागतो.

मला झोपेचं सांगायचं होतं. ऑपरेशननंतर आई दुखण्यानं तळमळायची. गोळीनं काही होत नव्हतं. मग ही पोरगी उशाशी बसायला लागली आणि तिनं आईला झोपवलं. खरं तर सगळ्यात मोठं काम ते. मी म्हणालो, "माय मदर वॉज इन मच पेन, मॅडम. टॅब्लेट ऑल्सो नो यूज. देन धिस गर्ल केम, अँड शी पुट माय मदर टु स्लीप. व्हेरी पीसफुली. वुई आर ऑल थँकफुल."

मुलीचा हात वर गेला. दोन्ही हात वर गेले. मला वाटलं, ती शाबासकी देतेय.

बाईंनी हातातला मग खाली ठेवला. अगदी हळू म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. व्हेन डिड शी पास?"

हा प्रश्न मला अपेक्षितच होता. पोरीच्या नर्सिंगच्या परीक्षेबद्दल विचारणार, हे उघड होतं. मी म्हणालो, "फर्स्ट अटेम्प्ट, मॅडम. फर्स्ट क्लास."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग, "आय सी. आय मे नीड टु कम बॅक टु यू अबाउट धिस," असं काहीतरी म्हणाल्या. मी "एनी टाइम, मॅडम" म्हणालो, हात जोडले. पडदा काळा झाला.

मुलीनं कपाळ टेबलावर टेकलं होतं.

"काय गं? झालं की छान."

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "तिकडं आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतात ना, त्याला तसं म्हणतात. पुट टु स्लीप."

"आणि पास?"

"पास म्हणजे वारल्या कधी, असं विचारत होत्या त्या."

हे समजायला मला थोडा वेळ लागला. समजलं ते सगळं एकदम समजलं. माझ्या निवेदनानुसार एका नर्सनं माझ्या दुखणाईत आईला शांतपणे मारलं होतं, पहिल्याच प्रयत्नात, फर्स्ट क्लासमध्ये, आणि आम्ही सगळे तिचे आभारी होतो. आणि हे मी कुणाला सांगितलं, तर वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाईला.

परत कॉल लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मुलीनं शोधून काढलं की बाई शुक्रवारी सकाळी थोडा वेळच असतात आणि आता सोमवारीच भेटतील. मी बूट न काढता घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागलो. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून परसात. परसात आई उन्हात शेंगा फोडत बसली होती, जिवंत, धडधाकट.

"काय झालं?" तिनं विचारलं. "न्हाय म्हणाली काय ती मडम?"

मी सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, मुलगी सांगणारच होती.

"मला मारलीस व्हय रं?" आई म्हणाली. शेंग फोडायचं तिनं थांबवलं नाही. "आणि त्या पोरीच्या हातनं?"

संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली. फाटकातूनच विचारलं, "कसं झालं, काका?" मी तोंड उघडायच्या आत मुलीनं सांगून टाकलं, सगळं, पास-फर्स्ट क्लाससकट. ती पोरगी आधी हसली. इतकी हसली की पायरीवर बसली. बायकोही हसायला लागली. मग तिचं हसू थांबलं, बायकोचं थांबलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"आता काय करणार म्हणे त्या?" तिनं विचारलं.

"सोमवारी बघू. मी मेल पाठवतो आजच."

"नका काका. म्हणजे पाठवा. पण..." ती पर्स पायरीवर ठेवून नेहमीसारखी आत गेली आणि आईच्या तळव्यांना तेल लावायला बसली.

मी त्या रात्रीच मेल लिहिला. मुलीला वाचून दाखवला. 'विथ रेफरन्स टु द डिस्कशन हेल्ड टुडे, इट इज टु इन्फॉर्म यू दॅट माय मदर हॅज नॉट एक्स्पायर्ड टिल डेट.' पुढं काही होतं, पण मुलीनं तिथंच लॅपटॉप माझ्याकडून काढून घेतला.

शनिवार असाच गेला. मी पेपर घेऊन बसायचो आणि ओळ न वाचता उठायचो. प्लॉटच्या टोकापर्यंत जायचो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असायच्या, त्या बघायच्या आणि परत यायचं. बायको म्हणाली, "बसा की एका जागी. घर हलायलंय तुमच्या फेऱ्यांनी." समोरच्या वरच्या खोलीतला दिवा दिसला की वाटायचं, ती पुस्तकं परत काढून बसली असेल काय, परीक्षेची.

रविवारी तिला सुट्टी होती. ती आली तेव्हा मी सरळ विचारलं, "पोरी, मला नीट सांग. तू आईसाठी काय काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? काय न्हाय केलं, काका."

"असं नको. मला लिहायचंय."

"सगळे करतात तसंच केलं हो," ती म्हणाली आणि उठून परसात गेली. जणू मी तिच्याकडे पगाराची चौकशी केली होती.

मग आई बोलली. खाटेवर बसून, पदर सारखा करत. मुलीनं लॅपटॉप उघडला. मी या वेळी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

"झोपेचं इचारतोस न्हवं? गोष्ट सांगायची ती. तिच्या गावची. पाऊस कसा पडतो, कापडं कशी वाळत न्हाईत, मग चुलीच्या वर दोरी बांधत्यात, अन् सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येतोय. दुसरं काय न्हाय त्या गोष्टीत. नुसता पाऊस. ऐकून ऐकून झोप यायचीच की."

मग तिनं आवाज खाली आणला. आईचा खाली आणलेला आवाज म्हणजे इतरांचा साधा आवाज.

"आंघोळीचं एक सांग तिला. मी म्हटलं एकदा, परक्या पोरीपुढं उघडं बसायला मला लाज वाटती. दुसऱ्या दिवसापासनं ती भिंतीकडं तोंड करून उभारायची. मी खुर्चीवर, ती माझ्याकडं पाठ करून. तांब्या मागं करून द्यायची. अन् एक हात मागं, माझ्या खांद्यावर. मी पडू नये म्हणून. सगळी आंघोळ हुईस्तोवर तशीच. एकदा बी वळून बघितलं न्हाय."

बायकोला हे माहीत होतं, तिच्या तोंडावरून दिसलं. मला नव्हतं. लोटलेल्या दाराच्या अलीकडे मी रोज तांब्याचा आवाज ऐकला होता.

मुलीनं ते जसंच्या तसं लिहिलं, छोट्या छोट्या वाक्यांत. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तिचा हात माझ्या आईच्या खांद्यावर असायचा. तिनं वळून पाहिलं नाही. कुठं फेवर नाही, ऑब्लिगेशन नाही, हेल्पसुद्धा नाही. मी इंग्रजीत वाचलं आणि पहिल्यांदा मला त्या भाषेत दोष काढता आला नाही. जिथं आमचं 'दिलं' यायला हवं होतं तिथं त्या भाषेनं नुसता हात ठेवला होता. झोपेच्या जागी मुलीनं लिहिलं, ती आज्जीला झोप लागेपर्यंत बसायची. शेवटी मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, 'शी इज अवर गर्ल.' आमची पोरगी आहे ती. मुलगी म्हणाली, हे नको. मी म्हणालो, एवढं तरी राहू दे माझं. खाली लिहिलं की माझी आई बरी आहे आणि आपल्याला भेटायला तयार आहे.

सोमवारी मी रजा टाकली. दुपारी बाईंचाच कॉल आला. पहिली गोष्ट त्यांनी मागितली ती आईला बघायची. त्या पोरीला तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि राहवेना म्हणून ती आमच्या घरी आली होती. बाईंना दिसणार नाही अशी फ्रिजजवळ उभी राहिली. आई वॉकर धरून आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि पडद्यासमोर बसली.

"नमस्कार, बाई," आई ओरडली. "मी मेलो न्हाय."

बाईंना शब्द कळले नसतील, पण त्या खळखळून हसल्या. मेल वाचला, म्हणाल्या. भिंतीचं वाक्य आपण आपल्या माणसांना वाचून दाखवलं, म्हणाल्या. मला खुर्चीत टेकून बसावंसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांनी चष्मा लावला.

"जस्ट वन थिंग आय हॅव टु आस्क." मेलमध्ये तुम्ही 'अवर गर्ल' म्हटलंय. ती तुमच्या नात्यातली आहे का? कारण नातेवाइकांची शिफारस आम्हाला चालत नाही, नियमच आहे तसा. तुमच्या आईंनाच विचारा ना, ती त्यांची कोण लागते?

मुलीनं माझ्याकडे बघितलं. एवढं तरी राहू दे माझं, म्हणालो होतो ना.

मी आईला विचारलं, "आई, बाई विचारतायत, ही पोरगी तुझी कोण लागते?"

"ह्ये काय इचारणं झालं?" आई म्हणाली. "नात हाय माझी. सांग तिला. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंय तिनं. आमच्या घरची हाय ती. जपून ठेवा म्हणावं. सांग की रं, गप का बसलास?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. भाषांतराची वाट बघत होत्या. फ्रिजजवळ ती उभी होती. तिला आईचं मराठी कळत होतं आणि माझं इंग्रजी कळणार होतं. त्या खोलीत दोन्ही कळणारी माणसं तीनच होती. तिसरी माझी मुलगी, आणि ती खाली बघत होती.

मला म्हणायचं होतं की ती आमच्या नात्यातली नाही. पण घाईत माझ्या तोंडून तेच आलं जे मराठीत आलं असतं. "माय मदर सेज, शी इज नोबडी टु अस, मॅडम. नोबडी."

आमची कोणी नाही ती. कोणीच नाही.

"लव्हली, थँक यू," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

"सांगिटलंस?" आईनं विचारलं.

"सांगितलं."

"मी म्हटलं तसंच?"

"तसंच."

आईनं पडद्याकडे बघून समाधानानं मान हलवली. मी फ्रिजकडे बघितलं तेव्हा ती तिथं नव्हती. फाटक वाजल्याचा आवाज आला. जेवणाची सुट्टी संपत आली असणार. ती त्या संध्याकाळी आईजवळ आली नाही. उशिरापर्यंत ड्यूटी होती, असं तिनं दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. खरंही असेल. मी मात्र त्या संध्याकाळी तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. 'नॉट रिलेटेड.' मुलीनं नंतर सांगितलं, एवढंच म्हणायचं असतं. नॉट रिलेटेड. किती साधं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी व्हरांड्यात मोटरसायकल पुसत होतो. फाटकाशी आवाज आला.

"ओ पावणं! हाय का न्हाय घरात कोण?"

पावणं आपण ओळख नसलेल्याला म्हणतो. रस्ता विचारणाऱ्याला, एसटीत शेजारी बसलेल्याला. मी वर बघितलं तर ती होती. हातात पेढ्याचा पुडा.

"झालं काम," ती म्हणाली. "पक्कं. आत्ता मेल आलाय."

मी फडकं पिळत राहिलो.

"तोंड का बारीक केलंय, पावणं? तुमचं कोण लागतोय मी? तुम्हाला काय फरक पडतोय?" असं म्हणाली आणि हसली, आणि पुडा माझ्या ओल्या हातात देऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून आईचं ओरडणं ऐकू आलं, आनंदाचं, आणि मग बायकोनं फ्रिज उघडल्याचा आवाज.

आता रोजच चाललंय ते. "काय पावणं, पेपर झाला का वाचून?" "पावणं, जरा सरका, अव्वांना उन्हात न्यायचंय." मुलगी तोंडावर हात धरून हसते. व्हिसा यायचाय, तारीख आलेली नाही, ती कुठल्याही दिवशी येईल. मी दर वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडतो. मराठीतच बोलायचं आहे, तरी वाक्य जुळत नाही.

काल आईनं तिला विचारलं, "अगं, ह्याला पावणं का म्हणतीस सारखं? काका म्हणायचीस न्हवं?"

"काकांनाच विचारा, अव्वा," ती म्हणाली आणि तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसली.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी कोथिंबीर आणायची आहे म्हणून पिशवी घेऊन निघालो. मागून बायको म्हणाली, "अहो, कोथिंबीर आहे घरात." मी थांबलो नाही.